विद्यापीठाची चूल ठेक्यावर

उन्हाळी सुट्टी संपत आली की वृत्तपत्रांतून, आणि अलीकडे विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरूनही, निविदासूचना झळकू लागतात. उत्तरपत्रिकांची छपाई, सुरक्षारक्षकांचा पुरवठा, जुन्या लाकडी सामानाची विक्री आणि याच रांगेत कुठे तरी आवारातील उपाहारगृह चालविण्याचा ठेका. पुष्कळ ठिकाणी अटी सारख्याच असतात. अमुक इतकी अनामत, अमुक इतक्या वर्षांचा अनुभव, आणि जो अधिकात अधिक मासिक भाडे देऊ करील त्याला प्राधान्य. ग्रंथपालाच्या पदासाठी विद्यापीठाला कोण किती पैसे देतो, असे कोणी विचारीत नाही. प्रयोगशाळेची खोली लिलावात काढावी, असेही अद्याप कोणाला सुचलेले नाही. मात्र हजारो विद्यार्थ्यांच्या पोटाशी ज्याचा रोजचा संबंध, ते उपाहारगृह विद्यापीठाच्या हिशेबात उत्पन्नाचे साधन ठरते. विद्यापीठीय भोजनाविषयी होणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे, असे आमचे मत आहे.

या धंद्याचा हिशेब विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसतो आणि जे करारावर सही करतात त्यांनाही तो मांडून पाहण्याची गरज वाटत नाही. एखाद्या उपाहारगृहाचे भाडे महिना ६० हजार रुपये आहे असे समजू. वर्षाला ७ लाख २० हजार झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणे वर्षातून किमान १८० दिवस अध्यापन व्हावयास हवे, म्हणजे खरी गर्दी जेमतेम तितकेच दिवस. तेव्हा भाड्याचा बोजा दिवसाला ४ हजार. रोज ४०० थाळ्या खपल्या तर थाळीमागे १० रुपये नुसत्या जागेचे! परीक्षेचे दिवस आणि संशोधक विद्यार्थ्यांची तुरळक ये-जा धरली तर आकडा थोडा उतरेल; पण दिवाळीत आणि मे महिन्यात टेबले रिकामी असली तरी भाडे थांबत नाही, हे त्याबरोबर ध्यानात घ्यावे लागेल. साठ रुपयांच्या थाळीवर पाच टक्के दराने ३ रुपये वस्तू व सेवा कर आला. स्वतः खरेदीवर भरलेल्या कराची वजावट ठेकेदाराला मिळत नाही, ती गोष्ट वेगळीच. तांदूळ निवडण्यापूर्वी, डाळ शिजायला टाकण्यापूर्वी थाळीतले १३ रुपये असे निघून गेलेले असतात.

उरलेल्या पैशांत चालकाने काय करावे? घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर त्याला वापरता येत नाही. १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो आणि त्याची किंमत महिन्या-महिन्याला बदलते. थाळीचा दर मात्र करारात बांधलेला. मग तोल सांभाळण्यासाठी जे उपाय निघतात ते आपल्या परिचयाचे आहेत. वरण पातळ होते. कांदा महागला की भज्यांत कोबी शिरतो. सकाळचे तळणीचे तेल संध्याकाळी पुन्हा कढईत येते. वास्तविक तेल किती वेळा तापवावे यालाही आता कायद्याची मर्यादा आहे. ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरू नये, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. तथापि, ते प्रमाण मोजणारे यंत्र किती भटारखान्यांत असेल याचा अंदाज वाचकांनी आपापल्या अनुभवावरून करावा. सर्वांत शेवटी काटछाट होते ती आचारी आणि वाढपी यांच्या पगारात. ही बहुधा दूरच्या जिल्ह्यांतून, कधी परप्रांतांतून आलेली पोरे. दुपारी एक ते दोन या एका तासात तीन-चारशे माणसांना वाढावयाचे आणि रात्री त्याच टेबलांवर पथारी पसरावयाची, असे त्यांचे जिणे. ज्या वास्तूत श्रमाच्या प्रतिष्ठेवर परिसंवाद भरतात, तिच्यापासून हे भटारखाने शंभर पावलांवर असतात.

पलीकडच्या बाजूला विद्यार्थी आहे. पुण्याच्या विद्यापीठातील भोजनगृहाला ‘रिफेक्टरी’ म्हणतात. ख्रिस्ती मठांतील भोजनशाळेचे हे नाव गणेशखिंडीत रुळून गेले आहे. अशा भोजनगृहांतून जेवणाऱ्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेल्या मुलामुलींची संख्या मोठी असते. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरचे उत्पन्न पावसावर अवलंबून असते. एका थाळीत दोघांनी जेवू नये, अशा पाट्या आपण अनेक भोजनगृहांत वाचल्या आहेत. त्या पाटीत चालकाचे नुकसान स्पष्ट दिसते. परंतु दोन तरुण एका थाळीत का जेवतात, हा प्रश्न ती पाटी लावणाऱ्याला पडत नाही, आणि ती लावू देणाऱ्या प्रशासनालाही पडत नाही.

सरकारी आकड्यांवरूनच या प्रश्नाचे उत्तर मिळते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र सरकारने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. योजना स्तुत्य आहे, यात वाद नाही. तीत मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी भोजनभत्ता ठरला तो वर्षाला ३२ हजार रुपये. आता याच सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी आणली तेव्हा दोन पोळ्या, एक भाजी, वरण आणि भात एवढ्या थाळीची शहरातील किंमत ५० रुपये धरली. दहा ग्राहकाचे आणि चाळीस सरकारचे. दिवसाला अशा दोन थाळ्या म्हणजे १०० रुपये. ३२ हजारांना ३६५ ने भागले तर ८८ रुपयेही येत नाहीत. विद्यार्थी दोन महिने घरी जातो असे धरून ३०० दिवसांनी भागले तर १०६ रुपये ६७ पैसे येतात. म्हणजे दोन थाळ्या घेऊन सकाळचा चहा, नाश्ता, आजारपणातले दूध आणि रविवारचे एखादे अंडे यांसाठी हातात पावणेसात रुपये उरतात. हाही हिशेब २०२० च्या दराने, आणि तोही हप्ता वेळेवर जमा झाला तर! ज्यांना असा भत्ताही मिळत नाही, त्यांच्याविषयी वेगळे लिहिण्याची आवश्यकता नाही. अशा विद्यार्थ्याच्या थाळीतून दहा रुपये भाडे म्हणून काढून घेणारी संस्था त्याच विद्यार्थ्यासाठी कल्याणनिधी उभारते, हा व्यवहार चमत्कारिक म्हटला पाहिजे.

अनुदान आयोगाला या विषयाचे वावडे आहे असे नाही. २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये आयोगाने विद्यापीठांना पत्रे धाडली व उपाहारगृहांतून निकृष्ट, चरबीयुक्त चटकदार पदार्थ हद्दपार करावेत, असे कळविले. हेतू चांगला होता. मात्र समोशाच्या जागी काय ठेवावे आणि ते समोशाच्या किमतीत कसे परवडावे, याबद्दल आयोगाचा सल्ला उपलब्ध नाही. वीस रुपयांत पोट भरल्याचा भास निर्माण करणारा दुसरा पदार्थ सापडेपर्यंत वडापावाचे राज्य अबाधित राहील.

महाराष्ट्राला तरी हा प्रश्न नवा वाटू नये. वार लावून जेवणाऱ्या आणि माधुकरी मागणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्या येथे शिकल्या. त्या व्यवस्थेत अन्न मिळे, पण जातीच्या चौकटीत, आणि पुष्कळदा मिंधेपणाने. ती चौकट मोडण्याचा उद्योग कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याच्या वसतिगृहात आरंभिला. सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत, एकत्र जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. कोठीत धान्य नाही म्हणून लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, हा इतिहास शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. शिक्षणसंस्थेची चूल हा शिक्षणाचाच भाग आहे, अशी त्या दांपत्याची समजूत होती.

त्या समजुतीला आता तडे जात आहेत. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीमधील एका भोजनगृहात सहा टेबले केवळ शाकाहारींसाठी राखून ठेवण्यात आली आणि निषेधादाखल तेथे बसून मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला १० हजार रुपयांचा दंड झाला. काहींना मांसाहाराचे दर्शन व वास सहन होत नाही, अशी व्यवस्थापनाची भूमिका होती. कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न, हे मान्यच आहे. स्वतंत्र भांडी, स्वतंत्र वाढणी इथपर्यंत समजू शकते. परंतु कोणी कोणाशेजारी बसू नये, हे संस्थेने दंडाच्या धाकाने ठरवू लागणे म्हणजे साताऱ्याहून उलट्या दिशेने चालू लागणे होय.

शेजारी कोणी बसावे, तसेच किती वेळ बसावे, हाही उपाहारगृहाच्या कारभारातील कळीचा मुद्दा आहे. बाजारातल्या हॉटेलवाल्याला टेबल लवकर रिकामे व्हावयास हवे असते, आणि त्यात त्याची चूक नाही. विद्यापीठाचे हित मात्र याच्या नेमके उलट आहे. एका कटिंग चहावर दोन तास चाललेला वाद कित्येकदा त्या दिवशीच्या व्याख्यानापेक्षा अधिक शिकवून जातो. कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील कॉफी हाउसमध्ये विद्यार्थी आणि अध्यापक अशा तऱ्हेने पिढ्यान्‌पिढ्या बसत आले. हे तेथे शक्य झाले याचे एक कारण मालकीत आहे. कॉफी बोर्डाने आपली उपाहारगृहे बंद करावयास घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने १९५७-५८ च्या सुमारास कामगारांच्या सहकारी संस्था स्थापन झाल्या आणि त्यांनी ती चालवावयास घेतली. भारी भाडे चुकते करावयाचे असेल, तर अशा टेबलाची चैन कोणालाही परवडणार नाही.

याचा अर्थ हिशेब न ठेवता जागा कोणालाही वाटून टाकावी, असा नव्हे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने २०२२ च्या जूनमध्ये आवारातील काही उपाहारगृहे व ढाबे चालविणाऱ्यांना लाखो रुपयांची थकबाकी भरून महिनाअखेर जागा सोडण्याच्या नोटिसा दिल्या. निविदेची रीतसर पद्धत न पाळता या जागा दिल्या गेल्या होत्या, असे प्रशासनाचे म्हणणे होते. ते खरे धरले, तरी वर्षानुवर्षे थकबाकी साचू द्यावयाची आणि एके दिवशी माणसाला हुसकावयाचे, याला व्यवस्थापन म्हणता येत नाही. विद्यापीठाने स्वतःच चालविलेल्या उपाहारगृहांची अवस्थाही पुष्कळदा सांगण्यासारखी नसते. नेमणुका कायम, चव बेपत्ता आणि तीन वाजता गल्ल्याला कुलूप, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे.

तेव्हा चूल कोणी पेटवावी यापेक्षा खर्च कोणी कोणता सोसावा, हे आधी ठरले पाहिजे. जर्मनीत विद्यार्थिकल्याणाच्या सार्वजनिक संस्था भोजनगृहे चालवितात. तेथे एकाच जेवणाचे विद्यार्थ्याला, कर्मचाऱ्याला आणि पाहुण्याला असे तीन वेगळे दर असतात. फिनलंडमध्ये तेथील सामाजिक विमा संस्था विद्यार्थ्याच्या प्रत्येक जेवणामागे उपाहारगृहाला अनुदान देते, मात्र दराला कमाल मर्यादा असते आणि जेवण पोषणाच्या कसोटीला उतरावे लागते. ही राष्ट्रे श्रीमंत आहेत, हा आक्षेप खरा. पण तीन दरांच्या पद्धतीला श्रीमंती लागत नाही. परिसंवादाला आलेल्या पाहुण्याने विद्यार्थ्याच्या दरात जेवावे, याला आपल्याकडेही काही कारण नाही. शिवाय आपल्या करव्यवस्थेतच एक सवलत पडून आहे. शिक्षणसंस्थेने स्वतः आपल्या विद्यार्थ्यांना भोजन पुरविले तर त्यावर कर नाही, महाविद्यालयीन पातळीवर बाहेरच्या ठेकेदाराने पुरविले तर पाच टक्के, असा खुलासा केंद्र सरकारने २०१८ च्या जानेवारीत केला. विद्यापीठाने कोठी, भांडी आणि हिशेब आपल्या हाती ठेवून स्वयंपाक व वाढणी एखाद्या महिला बचत गटाकडे किंवा कामगारांच्या सहकारी संस्थेकडे मेहनतान्यावर सोपविली, तर ही सवलत पदरात पडू शकते काय, हे विद्यापीठाच्या लेखापालांनी तपासावे. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. केरळात कुटुंबश्रीच्या बायका उपाहारगृहे चालवीत आहेत. करणारे हात नाहीत, अशी सबब यापुढे चालणार नाही.

ठेकाच द्यावयाचा असेल तर भाडे नाममात्र ठेवावे आणि निविदेत चढाओढ लावावी ती थाळीचा दर, धान्याची प्रत आणि कामगारांचे वेतन यांवर. सुट्टीच्या महिन्यांतही एक चूल चालू राहील अशी अट घालावी, कारण वसतिगृहात राहणारे संशोधक व घरी जाण्याजोगी परिस्थिती नसलेले विद्यार्थी तेव्हाही जेवतात. दरमहाचा जमाखर्च भोजनगृहाच्या भिंतीवर लागावा. डाळ कितीची आली आणि कामगारांना काय दिले हे वाचल्यावर विद्यार्थी थाळीमागे दोन रुपये अधिक देण्यास कुरकुर करणार नाहीत, असा आम्हाला विश्वास वाटतो. निदान ती कुरकुर आकड्यांवर होईल.

विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे सामान्यतः मार्च महिन्यात येतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या कायद्याने अधिसभेत विद्यार्थ्यांनाही प्रतिनिधित्व दिले आहे. उपाहारगृहाच्या भाड्याची रक्कम जमेच्या बाजूला कोणत्या शीर्षाखाली दडलेली असते, ती एकूण उत्पन्नाच्या शेकडा किती भरते आणि ती सोडून दिल्यास कोणते काम अडेल, एवढे तीन प्रश्न एखाद्या सदस्याने येत्या बैठकीत विचारावेत. जूनमधील निविदासूचनेचा मसुदा त्यांची उत्तरे आल्यानंतर करावा.