गरिबाच्या अकलेचा चोर कोण?

“शेतकऱ्याला अक्कल कमी!” “बलुतेदाराच्या पोराला शिकून काय करायचें?” हें तुणतुणें आमच्या कानाशीं पिढ्यान्‌पिढ्या वाजत आलें आहे. ऐकून ऐकून आमच्यांतील कित्येकांना तें खरें वाटूं लागलें, हें त्याहून वाईट. कष्टकरी बंधुभगिनींनो, आज या लबाडीचा झाडा घेऊं.

तमिळनाडूंतील ५४ गांवांच्या ४६४ ऊंस-शेतकऱ्यांची तपासणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. उसाचा पैसा वर्षाकाठीं एकदां हातीं येतो. तोडणीपूर्वीं घरांत चणचण, चीजवस्तू गहाण; तोडणीनंतर हात मोकळा. त्याच शेतकऱ्यांना दोन्ही वेळां कोडीं घातलीं. चणचणींत तीं कमी सुटलीं, पैसा आल्यावर जास्त! माणूस तोच, डोकें तेंच. मग अक्कल कोठें गेली होती? ती व्याजाच्या नि उद्यांच्या भाकरीच्या हिशेबांत अडकली होती.

दुसरा दाखला उत्तर प्रदेशांतील. कार्ला हॉफ व प्रियंका पांडे या विदुषींनीं तो २००४ सालीं मांडला. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील भुलभुलैयांतून वाट काढावयास दिली. जेथें जात पुकारली नाहीं, तेथें दलित मुलें उच्चवर्णीयांच्या बरोबरीनें उतरलीं. जेथें बाप-आज्याचें नांव घेऊन सर्वांदेखत जात पुकारली, तेथें तीं मागें पडलीं.

आतां सांगा, खोट पोरांत कीं पुकारणाऱ्यांत? बैलाच्या मानेवर दुप्पट ओझें लादायचें आणि सावकाश चालतो म्हणून पराणी टोचायची, हा कोणता न्याय? कर्ज आणि कलंक आमच्या डोक्यावर ठेवणारेच “यांना डोकें नाहीं” म्हणून हिणवतात!

म्हणून काटकसरीचीं कोरडीं प्रवचनें आम्हांस नकोत. पेरणीपूर्वीं स्वस्त कर्ज द्या, मालाचा पैसा वेळेवर द्या. वर्गांत पोराला उभें करून त्याची जात विचारणें कोठें चालत असेल, तर तें बंद करा.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवून आमची सुटका नाहीं. वेशीबाहेरच्या पोराला जातीवरून हांक कोण मारतो? पुष्कळदां आम्हीच! जो काटा आमच्या पायांत सलतो, तोच आम्ही धाकट्या भावाच्या वाटेवर टाकतों. ही लाज आधीं धुवूं या.

आणि घरांत पोरांदेखत “आपल्याला काय कळतंय” हे शब्द पुन्हा काढूं नका. कर्ज सावकाराचें आहे, तें फिटेल. पण पोराच्या मनांत बसलेला कमीपणा कोणत्या वहींतून खोडणार?