दुरून पाहणारे आचरेकर सर

जून महिना उजाडला की रत्नागिरीच्या रेल्वेस्थानकावर एक दृश्य हमखास दिसते. शाळा संपवलेला मुलगा पुढील शिक्षणासाठी मुंबईला निघालेला असतो. आईने हातावर दही-साखर ठेवलेली असते, आजीने नवकार म्हणून पाठीवरून हात फिरवलेला असतो. आणि ज्या वडिलांनी त्याला लहानपणापासून दुकानात शेजारी बसवून हिशेब शिकवला, ते मात्र ‘पोहोचलास की फोन कर’ एवढेच बोलून गाडी किती उशिरा आहे याची चौकशी करू लागतात. घडवणाऱ्या माणसाला निरोप देणे बहुधा जमत नाही.

रमाकांत आचरेकर हे असेच एक घडवणारे. ३ डिसेंबर १९३२ रोजी मालवणात त्यांचा जन्म झाला. मालवण त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. स्टेट बँकेत नोकरी करणाऱ्या या गृहस्थांच्या नावावर प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना आहे. खेळाडू म्हणून पुंजी ही एवढीच. परंतु मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्यांनी बलविंदरसिंग संधू, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर असे खेळाडू घडवले आणि अकरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरलाही हाताशी धरले.

ती पहिली भेट काही शुभ म्हणावी अशी नव्हती. सर समोर उभे असल्याने मुलगा बावरला, फटके जमेनात. तेव्हा थोरला भाऊ अजित याने सरांना विनंती केली की, आपण निघून गेल्यासारखे दाखवावे आणि दुरून पाहावे. सर झाडाआड उभे राहिले, मुलगा मोकळेपणाने खेळला आणि त्याला प्रवेश मिळाला. शिष्याच्या नजरेआड उभे राहून त्याला न्याहाळणे, हे या नात्याचे पहिले पाऊल होते. पुढे तेच शेवटपर्यंत टिकले.

सरांच्या सांगण्यावरून सचिनने वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात नाव घातले. मैदान जवळ पडावे म्हणून तो चार वर्षे काका-काकूंकडे राहिला. आई-वडील त्याच शहरात असून मुलगा दुसऱ्या घरी, हा वियोग त्या घराने निमूट सोसला. (शिष्य घडताना त्याच्या घरच्यांना काय द्यावे लागते, हे गुरूच्या चरित्रात क्वचितच लिहिले जाते.) सुटीच्या साठ दिवसांत पंचावन्न सराव सामने, असा त्या काळचा परिपाठ होता. सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. संध्याकाळी मुलगा थकला की सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. जो गोलंदाज त्याला बाद करील, नाणे त्याचे. कोणीच बाद करू शकले नाही, तर ते सचिनचे. अशी तेरा नाणी त्याने आजवर जपली आहेत. रुपयाची किंमत व्यापाऱ्याच्या घरात कोणी समजावून सांगावी लागत नाही. पण रुपयाला एवढी किंमत क्वचितच आली असेल.

एकदा सरांनी लावून दिलेला सामना सोडून मुलगा वानखेडेवर आपल्या शाळेच्या वरच्या संघाचा खेळ पाहायला गेला. सर तेथेच भेटले. इतरांसाठी टाळ्या वाजवायला येऊ नकोस, इतरांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असा खेळ, अशा आशयाचे खडे बोल त्याला ऐकावे लागले.

पुढे टाळ्या वाजल्या. फेब्रुवारी १९८८ मध्ये शालेय सामन्यात कांबळीसह ६६४ धावांची अभेद्य भागीदारी झाली. त्याच वर्षी डिसेंबरात रणजी पदार्पणात शतक झाले आणि १५ नोव्हेंबर १९८९ रोजी, सोळाव्या वर्षी, मुलगा कराचीत कसोटी खेळायला उतरला. स्कूटरची मागची बैठक आता मोकळी झाली. सरांनी मात्र मैदान सोडले नाही. १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तरी शिवाजी पार्कवर दुसरी मुले होतीच. पहिल्या मुलाचा खेळ ते घरी दूरचित्रवाणीसमोर बसून पाहत. झाडाची जागा पडद्याने घेतली, एवढेच.

या कठोरपणाचा सरसकट गौरव करावा काय? तसे वाटत नाही. तीच शिस्त ज्याच्या वाट्याला आली, तो कांबळी ५४ हून अधिक सरासरी राखूनही सतराच कसोटी खेळू शकला. त्याची कारणे अनेक असतील, पण एकच साचा प्रत्येकाला मानवत नाही, हे घरातल्या दोन मुलांकडे पाहूनही कळते. आणि ज्याला ती शिस्त पुरेपूर मानवली, त्याच्याही मनात काही राहून गेले होते.

१६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर दोनशेवी आणि अखेरची कसोटी संपली. त्या दिवशीच्या निरोपाच्या भाषणात चाळिशीच्या सचिनने प्रेक्षकांत बसलेल्या सरांचे नाव घेतले. गेल्या एकोणतीस वर्षांत सर आपल्याला एकदाही ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत, असे तो म्हणाला. आपण आत्मसंतुष्ट होऊ, मेहनत सोडू, अशी त्यांना भीती वाटे. आता आयुष्यात एकही सामना उरलेला नाही, तेव्हा सर, आता म्हणायला हरकत नाही, असे त्याने हसत सांगितले. जगाने डोक्यावर घेतलेला माणूस भरल्या मैदानात आपल्या मास्तरांकडे शाबासकी मागत होता. त्या हसण्यातली ओढ कित्येक घरांतल्या कर्त्या मुलांना ओळखीची वाटली असेल.

२ जानेवारी २०१९ रोजी आचरेकर गेले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेत त्यांच्या शिष्यांनी दुतर्फा बॅट उंचावून सरांना मानवंदना दिली आणि सचिनने पार्थिवाला खांदा दिला. श्रद्धांजलीचा जो संदेश त्याने लिहिला, त्याच्या शेवटी ते दोन शब्द होते, ‘वेल प्लेड’, आणि पुढे ‘सर’.