चालूनही मन हलके का होत नाही?

‘रोज चालायला जात जा, मन आपोआप हलकं होईल.’ हा सल्ला आजकाल डॉक्टर देतात, शेजारीण देते, नणंद देते आणि मोबाईल तर दिवसातून चार वेळा देतो. सल्ला चुकीचा नाही. पण जी बाई महिनाभर फजरनंतर मैदानाला फेऱ्या मारते आणि तरी घरी येऊन तिला रडूच येते, तिने काय करायचे? तिला मग पुढचे वाक्य ऐकावे लागते: ‘तू मनापासून करत नसशील.’ मन उदास होतेच, त्यात आता वर हा आरोप.

व्यायामाने उदासी कमी होते, याला चांगला आधार आहे. २०२४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २१८ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात १४ हजारांहून अधिक लोक होते. चालणे, धावणे, योगासने, वजने उचलणे या सगळ्यांनी नैराश्य कमी झालेले दिसले. पण हे सरासरीचे उत्तर आहे. आम्हा शिक्षकांना सरासरी चांगली ठाऊक असते. वर्गाची सरासरी ६० टक्के आली म्हणजे प्रत्येक मूल पास झाले असे नव्हे. कुणी ८५ वर असते, कुणी ३० वर, आणि त्या ३० वाल्याला सरासरी दाखवून काही उपयोग नसतो.

त्याच नियतकालिकात २०१२ साली इंग्लंडमधली एक चाचणी छापून आली होती. नैराश्य असलेल्या ३६१ जणांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांशिवाय, हालचाल वाढवण्यासाठी कितीतरी महिने मार्गदर्शन दिले. त्यांनी हालचाल वाढवलीही. तरी त्यांचे नैराश्य इतरांपेक्षा जास्त कमी झाले नाही. यावरून व्यायाम निरुपयोगी ठरत नाही. पण ‘जा, जरा हातपाय हलव’ एवढे सांगून भागत नाही, हे मात्र ठरते.

पहिली गोष्ट दमाची. पँटेलेमॉन एकेकाकिस या अभ्यासकाने व्यायाम करताना माणसाला नेमके कसे वाटते, याचाच अभ्यास वर्षानुवर्षे केला आहे. श्वास आपल्या काबूत असतो तोवर बहुतेकांना बरे वाटते. धाप लागून बोलणे तुटायला लागले की जवळजवळ सगळ्यांनाच करताना वाईट वाटू लागते. थांबल्यावर बरे वाटते हे खरे, पण ते सुटका झाल्याचे बरे वाटणे. ज्याला सवय नाही, ज्याचे वजन जास्त आहे, त्याची ही धाप फार लवकर येते. पंचविशीतल्या मुलाला जे रमतगमत चालणे वाटते, तेच त्याच्या अम्मीला डोंगर चढण्यासारखे असते. जोरकस व्यायामाचा लाभ सरासरीने अधिक दिसतो, हेही खरे आहे. पण तो लाभ मिळायला माणूस दुसऱ्या आठवड्यातही मैदानावर यायला हवा ना! यात आम्हा शाळावाल्यांचाही हात आहे. वर्षानुवर्षे ‘उशीर केलास? मैदानाला पाच फेऱ्या मार’ असे आपण मुलांना सांगत आलो. धावणे ही शिक्षा आहे हे एकदा मनात बसले की चाळिशीत ते औषध कसे वाटेल?

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या घरातल्या बाया म्हणतात, ‘मी पहाटेपासून उभीच असते. धुणं, भांडी, जिना, पाणी भरणं. आणखी वेगळा व्यायाम कशाला?’ शरीराच्या हिशेबाने हे काम हालचालच आहे. मनाचा हिशेब मात्र वेगळा निघतो. २०१७ साली अशाच अनेक अभ्यासांचा आढावा घेतला गेला. स्वतःच्या मोकळ्या वेळात केलेली हालचाल आणि कुठे जायला-यायला केलेली पायपीट किंवा सायकल, यांचा चांगल्या मनःस्वास्थ्याशी संबंध दिसला. घरकामाचा तसा संबंध दिसला नाही. पोटासाठी केलेल्या अंगमेहनतीचा तर उलट, मनाच्या त्रासाशी संबंध दिसला. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठामपणे सांगता येत नाही; ज्याला दिवसभर पाठीवर ओझी वाहावी लागतात त्याच्या डोक्यावर बहुधा कर्जही असते. तरी एवढे दिसतेच की पावले तीच असली तरी ती कोणासाठी आणि कोणाच्या हुकमाने पडतात, याने फरक पडतो.

घरकामात बाई त्याच भिंतींत असते, त्याच काळज्यांत असते. ते कधी संपत नाही आणि ‘पुरे झालं’ असे कुणी म्हणत नाही. चालण्यात जो आराम आहे तो बराचसा या सगळ्यातून अर्धा तास बाहेर पडण्यात आहे. म्हणून चालणेही कामासारखे लादले गेले की त्याची गत घरकामाचीच होते. काही घरांत मी पाहिले आहे, शौहर संध्याकाळी दारातच विचारतो, ‘आज किती पावलं झाली?’ त्याचा हेतू चांगला असतो. पण बिचारीला आणखी एका गोष्टीचा जाब द्यावा लागतो. आणि जी एकटी चालते आणि चालताना सासरच्या त्याच भांडणाची उजळणी करते, तिची फेरी संपते तेव्हा भांडण तिप्पट झालेले असते. तिला कुणाची तरी सोबत हवी, वेगापेक्षाही.

तिसरी गोष्ट साधी आहे, म्हणूनच राहून जाते. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने गेल्या वर्षी मोठ्या जिद्दीने चालणे सुरू केले. दोन महिन्यांनी ती म्हणाली, ‘आपा, पाय दुखतात, छाती धडधडते, आणि मन आहे तिथंच आहे.’ तिला मी रक्त तपासायला लावले. हिमोग्लोबिन आठच्या खाली होते. रक्तात प्राणवायू वाहून न्यायलाच काही नसेल तर चालून उत्साह कुठून येणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला; म्हणजे ही एका शिक्षिकेची गोष्ट नाही. थायरॉईड कमी असला तरी असाच थकवा आणि उदासी येते. दोन्हीच्या तपासण्या साध्या आहेत. झोपेचेही पाहावे. रात्री बारा-एकला ओटा आवरून झोपायचे आणि पाच वाजता चालायला उठायचे, ही चार तासांची झोप कुठल्याही फेऱ्या भरून काढत नाहीत.

मग कसे चालावे? बोलता येईल इतक्या वेगाने. सुरुवातीला दहा मिनिटेही चालतील. आवडत्या वेळी, शक्यतो कुणाबरोबर, बाजारात जायचे असेल तर रिक्षा सोडून. मोहल्ल्यातल्या मैदानावर संध्याकाळी मुलांचे क्रिकेट असते आणि बायांना उभे राहायलाही जागा नसते, हा प्रश्न घरात बसून सुटणार नाही. असर ते मग़रिब एवढा वेळ एक कडा तरी बायांसाठी सोडा, असे मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनीच मुलांना सांगायला हवे.

आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर आधी महिनाभर चालून बघू असे म्हणत थांबू नये. आपल्याकडे अशा वेळी ‘ईमान कमजोर झालंय’ म्हणणारेही भेटतात. इलाज करून घेणे ही सुन्नत आहे, हे आपण ताप आणि मधुमेहासाठी बिनदिक्कत मानतो. मनाचे दुखणे आले की का अडतो, कोण जाणे. सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येते. आजारी माणसाला फोन करणे जमत नसेल तर घरातल्या कुणीही केला तरी चालतो.