घोडा, स्कूटी आणि मी

पावसाळ्यात कर्वे रोडवर माझी स्कूटी घसरली. मनगट फ्रॅक्चर, गुडघ्याला सहा टाके. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं आणि डॉक्टर म्हणाले, 'आता बिनधास्त चालवा.' हाड जुळलं होतं हो, पण तो बिनधास्तपणा कुठून आणायचा? पुढचे तीन महिने मी रिक्षावाल्यांची धन केली. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं, 'गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय.' तीन महिने! आई एकदा म्हणालीच, 'अगं, सर्व्हिसिंग गाडीचं चाललंय की तुझं?'

अशाच एका रिकाम्या रविवारी 'सीबिस्किट' पाहिला. 2003 चा सिनेमा. खरं सांगायचं तर टोबी मॅग्वायरसाठी, म्हणजे आपल्या स्पायडरमॅनसाठी पाहायला घेतला. पण त्यानं साकारलेला जॉकी रेड पोलार्ड डोक्यातून जाईना. मग त्याच्याबद्दल वाचत सुटले.

पोलार्डला एका डोळ्यानं दिसत नव्हतं. ते कळलं तर रेस बंद, म्हणून त्यानं ते लपवलं. 1937 मध्ये सांता अनिता हँडिकॅप ही मोठी रेस तो सीबिस्किटवर बसून नाकाच्या अंतरानं हरला. फेब्रुवारी 1938 मध्ये दुसऱ्याच एका घोडीसकट कोसळला आणि छातीचा पिंजरा मोडला. त्यातून सावरतोय तोच जूनमध्ये सरावाचा घोडा उधळला आणि पायाचा चुराडा झाला. नोव्हेंबरात सीबिस्किटनं वॉर अ‍ॅडमिरलला हरवलं, तेव्हा पाठीवर त्याचा मित्र जॉर्ज वूल्फ होता. आपला घोडा, आपली रेस, आणि आपण हॉस्पिटलच्या कॉटवर... विचार करा!

1939 मध्ये सीबिस्किटचाही पाय दुखावला. मग मालकाच्या कॅलिफोर्नियातल्या रँचवर दोघं लंगडे एकत्र! आधी नुसतं चालणं, मग थोडं जास्त चालणं, मग खोगीर. 2 मार्च 1940 ला, पायाला आधाराची पट्टी बांधून, पोलार्डनं त्याच सीबिस्किटवर तीच सांता अनिता जिंकली.

सिनेमा इथे संपतो आणि आपण डोळे पुसतो. मला मात्र त्यातला 'नुसतं चालणं' हा भागच जास्त भावला.

कारण जॉकीचं काम म्हणजे साधारण पाचशे किलोचा प्राणी, ताशी साठ किलोमीटरचा वेग आणि बसायला जेमतेम वीतभर खोगीर. रेस चालू असताना मागोमाग अ‍ॅम्ब्युलन्स धावत असते. असं दुसरं ऑफिस दाखवा! पडणं हा तिथे जॉबचाच भाग आहे. खरी पंचाईत परतल्यावर होते. दोन घोड्यांच्या मधल्या फटीत घुसायचं की नाही, हे क्षणात ठरवायचं असतं. तिथे जॉकी जरासा जरी कचरला, तरी मालकाला, ट्रेनरला आणि पैसे लावणाऱ्यांना ते दिसतं. मग पुढच्या वेळी घोडाच मिळत नाही. म्हणजे भीती मनातली, पण तिचा रिझल्ट सगळ्यांसमोर.

यावर त्यांचा फंडा काय? भाषणं नाहीत, पायऱ्या. फ्रँकी लोव्हाटो ज्युनियर या अमेरिकन जॉकीनं 1980 च्या दशकात मोडलेला पाय बरा होत असताना चक्क एक लाकडी घोडा बनवला. त्याचं नाव 'इक्विसायझर'. त्यावर बसून शरीराला जुनी लय आठवू द्यायची, तीसुद्धा पडायची भीती न बाळगता. ब्रिटनमध्ये 1964 पासून जखमी जॉकींसाठी एक फंड चालतो. त्यांच्या लॅमबोर्न, मॉल्टन आणि न्यूमार्केटच्या केंद्रांत फिजिओथेरपी मिळते. मग खरा पण शांत घोडा, मग थोडा वेग, आणि सगळ्यात शेवटी रेस.

आणि थांबणंही शिकावं लागतं. 2009 मध्ये हेली टर्नरला सरावात डोक्याला मार लागला आणि वर्षभर घोड्यावर बसायचं नाही असा आदेश आला. तिनं अपील केलं, पुन्हा तपासण्या झाल्या, आणि ती लवकर परतली. 2011 मध्ये तिनं 'ड्रीम अहेड'वर जुलै कप जिंकला. नुसती हिंमत नव्हे, डॉक्टरांचा होकारही!

पण माझा फेव्हरिट डेक्लन मर्फी. मे 1994 मध्ये हेडॉकला त्याचा घोडा पडला आणि मागून येणाऱ्या घोड्याची टाप त्याच्या कवटीवर बसली. तो वाचणार नाही असं समजून 'रेसिंग पोस्ट'नं त्याचा मृत्युलेखसुद्धा तयार ठेवला होता. तो वाचला, पण आयुष्यातल्या चार वर्षांची आठवण पुसली गेली. ऑक्टोबर 1995 मध्ये तो चेपस्टोला पुन्हा घोड्यावर बसला, जिंकला... आणि रिटायर झाला! मला आधी कळेचना. इतका आटापिटा एका रेससाठी? मग वाटलं, सोडायचंच होतं, पण ते टाप बसली म्हणून नव्हे, आपण ठरवलं म्हणून.

तुमच्याही ऑफिसात असेल कुणीतरी. एक प्रेझेंटेशन फसलं आणि तेव्हापासून मीटिंगमध्ये गप्प. लेऑफ झाला आणि आता इंटरव्ह्यूचा फोनच उचलत नाही. त्यांना 'चिअर अप यार' म्हणून काही होत नाही. त्यांना लाकडी घोडा लागतो. दोन मित्रांसमोर एक रिहर्सल, जिथे पडलं तरी लागणार नाही.

मी काय केलं? पहिल्या रविवारी पार्किंगमध्ये नुसती स्कूटीवर बसून राहिले. वॉचमनकाका म्हणाले, 'ताई, बॅटरी उतरलीय का?' दुसऱ्या रविवारी सोसायटीला दोन चकरा. मग सकाळी सहाला, रिकाम्या रस्त्यावर, दूध आणायला. गेल्या आठवड्यात कर्वे रोड.

त्या जागी पोटात गोळा आलाच. वेग कमी केला, मागचा बसवाला हॉर्न वाजवून वैतागला. वैतागू दे. काका, तुम्हाला रेस आहे, मला नाही!