पाहुणा येतो तो शेत पाहायला

पावसाळ्याच्या तोंडावर सुपारीच्या बागेत आपण बोर्डो मिश्रण फवारतो. हे नाव फ्रान्समधल्या एका द्राक्षमुलखाचे आहे. तिथले बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडून ठेवीत. हेतू एवढाच की, येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षे तोडून खाऊ नयेत. पुढे केवडा रोगाने बागाच्या बागा झोडपल्या, तेव्हा मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला रस्त्याकडेच्या वेलीच तेवढ्या हिरव्या दिसल्या. १८८५ साली त्याने हे औषध जगापुढे मांडले.

औषध मिळाले ते वाटसरूच्या भीतीपोटी! वाटसरू म्हणजे नुकसान, ही शेतकऱ्याची समजूत जुनीच आहे. पण त्याच फ्रान्समध्ये आज वाटसरू शेतकऱ्याच्या घरात चार पैसे ठेवून जातो. हे कसे घडते आणि आपल्या मनोरीला त्यातले काय उचलता येईल, ते आज पाहू.

फ्रान्सची सर्वांत लांब नदी ल्वार. लांबी सुमारे एक हजार किलोमीटर. तिच्या दोन्ही तीरांवर द्राक्षमळे, जुनी गावे आणि राजवाडे आहेत. २००० साली युनेस्कोने या खोऱ्याचा मोठा पट्टा जागतिक वारसा म्हणून नोंदवला. नोंद केवळ वाड्यांची नाही. नदी, शेती आणि गावे मिळून माणसाने घडवलेल्या मुलखाची आहे. या नदीकाठाने सुमारे नऊशे किलोमीटरचा सायकलमार्ग आखला आहे. पूर अडवण्यासाठी जुन्या लोकांनी बांध घातले, त्यांच्यावरूनही तो काही ठिकाणी जातो. मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या घरमालकाने सायकल ठेवायला बंदिस्त जागा आणि दुरुस्तीची हत्यारे ठेवली, तर त्याच्या दारावर तशी अधिकृत पाटी लागते. सायकलवाला पाटी पाहून थांबतो, जेवतो, मुक्काम करतो आणि निघताना मळ्यातली वाइन विकत घेतो.

गावांचेही तसेच. फ्रान्समध्ये १९८२ साली सुंदर गावांची एक संघटना निघाली. तिच्यात शिरायचे तर वस्ती दोन हजारांच्या आत हवी आणि निदान दोन जुन्या वास्तू किंवा जागा कायद्याने जपलेल्या हव्यात. ल्वारकाठची मोंसोरो आणि काँद-सँ-मार्तँ ही गावे त्या यादीत आहेत. लहान असणे हे तिथे उणेपण नाही, ती प्रवेशाची अट आहे!

आता तुम्ही म्हणाल, साहेब, हे गोऱ्या लोकांचे कौतुक आम्हाला कशाला? पण ल्वारकाठची शेनिन ब्लाँ ही द्राक्षाची जात आज आपल्या नाशिक जिल्ह्यात लागलेली आहे. तिकडे वेल हिवाळाभर झोपतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी होते. आपल्याकडे वेल झोपत नाही. म्हणून एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी आणि त्यापुढे काढणी, असे चक्र आपल्या शेतकऱ्याने बसवले. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले आणि वाइनचे कारखाने वाढले. मग २००८ नंतर मागणी घसरली. वाइनची द्राक्षे खायच्या बाजारात चालत नाहीत. घेणारा हात मागे सरला तेव्हा अनेकांनी बागा तोडल्या. ज्या कारखान्यांनी मळ्यातच पाहुण्यांची सोय केली, त्यांच्याकडे आज मुंबई-पुण्याची माणसे जातात. यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पाहुणा मळ्याच्या ओढीने येतो, ही पहिली. एकाच गिऱ्हाइकावर संसार टांगू नये, ही दुसरी.

आता मनोरीकडे वळू. इथे द्राक्ष लावण्याच्या नादी कोणी लागू नये. खारी, दमट हवा आणि कोकणचा पाऊस म्हणजे केवडा-भुरीला आमंत्रण. पण द्राक्ष सोडले तर बाकीचे सगळे आपल्यापाशी आहे. मार्व्याहून फेरीबोटीत सायकल चढवायची, खाडी ओलांडायची की मनोरी. पुढे गोराई, मग उत्तन. रस्त्याकडेला भातखाचरे, माड, ताड, क्रूस आणि उतरत्या कौलांची जुनी घरे. कोळ्यांची वस्ती आहे, ईस्ट इंडियन समाजाची आहे. ईस्ट इंडियन हे नाव या समाजाने १८८७ साली घेतले, पण माणसे इथल्याच मातीतली आणि घरातली बोली मराठीच. हातभाकरी, फुगे आणि बाटली मसाल्याचे कालवण मुंबईच्या हॉटेलांत शोधून सापडत नाही. इथे ते चुलीवर असते.

मग करायचे काय? बचत गटाच्या भगिनींनी आठवड्यातून एक दिवस, आधी सांगून येणाऱ्यांपुरते जेवण ठेवावे. अन्न विभागाकडे छोट्या उद्योगाची नोंदणी आधी करून घ्यावी. अंगणात सायकलींसाठी सावली, हवा भरायचा पंप, प्यायचे स्वच्छ पाणी आणि बाहेरच्या बाजूने संडास, एवढी सोय पुष्कळ झाली. उन्हाळ्यात ताडगोळे, बाराही महिने शहाळे, भात काढल्यावर वालाच्या शेंगा हे सारे दारातच विकावे. दलालाचा वाटा आपल्याच घरी राहील.

एक सावधगिरी. लग्नाघरचे खिमट पाहुण्याला आवडेल, तो मागेलही. पण १९४९ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू गाळणे आणि विकणे हा गुन्हा आहे. ताडीलाही परवाना लागतो. चार पैशांसाठी घराला कज्जा लावून घेऊ नये.

दुसरी सावधगिरी बांधाची. ल्वारचे बांध पक्के आहेत, आपला खारबांध मातीचा. त्यावर सायकली घालू देऊ नका. चाकोरी पडली की तिथून उधाणाचे पाणी शिरते आणि एकदा खारे पाणी शिरले की शेत काही हंगाम तरी हातचे जाते. पाहुण्याने रस्त्यावरूनच शेत पाहावे. बांध आणि उघाडी पावसाआधी तपासा. मिठाचा अंश असलेल्या खाचरात पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेले ‘पनवेल’ वाण लावा.

सर्वांत महत्त्वाचे शेवटी सांगतो. ‘शेतीत काय उरलंय?’ म्हणत खाचर पडीक ठेवायचे आणि मग बंगल्यासाठी विकून टाकायचे, ही वाट सोपी आहे. मुलगा बोटीने शहरात नोकरीला जातो, बापाचे गुडघे चिखलात उतरू देत नाहीत. ही अडचण खोटी नाही. पण हिशेब नीट मांडा. विकल्याचा पैसा एकदाच येतो आणि घर, लग्न, मोटारसायकल यांत जातो. खाचराच्या जागी कुंपणभिंत उभी राहिली, तर रविवारी आलेल्या सायकलवाल्याला दिसणार काय? भिंती त्याच्या मालाडलाही आहेत. ज्या हिरव्या तुकड्यासाठी तो खाडी ओलांडतो, तो तुमच्या मेहनतीने हिरवा आहे. गावात चार जणांनी भात सोडले की पाचव्याच्या दारातला पाहुणाही तुटतो. म्हणून हे एकट्याचे काम नव्हे. ज्याच्या घरी हात नाहीत त्याचे खाचर शेजाऱ्याने अर्धेलीने करावे. बांधाला श्रमदान करावे. जेवणाचे वार घरोघरी वाटून घ्यावेत.

ल्वारच्या शेतकऱ्याने आधी मळा जपला, गाव जपले. सायकलमार्ग मागाहून आला. आपणही त्याच क्रमाने जाऊ. यंदा आषाढात मनोरीतले एकही लावणीजोगे खाचर पडीक राहू नये, एवढा निश्चय गावाने बसून करावा.