देव नवसाला पावला नाही, तर?

दिवाळीच्या पहिल्या पहाटे घरोघर उटण्याचा वास दरवळत असतो. पण एखाद्या घरी अभ्यंगाचा एक पाट यंदा मांडलेलाच नसतो. ज्याच्यासाठी त्या घरच्या गृहिणीने सोळा सोमवार केले, संकष्ट्या धरल्या, नवस बोलला, तो माणूसच राहिला नाही. "मग देवाने माझे ऐकले तरी काय?" असे ती विचारते. तिला नास्तिक म्हणून दटावणे सोपे आहे. पण ते बरे नव्हे.

वाचकहो, हा प्रश्न देहूच्या एका घरातही येऊन गेला आहे. १६३० साली दख्खनेत पाऊस पडला नाही आणि भयंकर दुष्काळ आला. तुकोबांचे घराणे गावचे महाजन. घरी व्यापार, सावकारी आणि पिढीजात पंढरीची वारी. तरीही धंदा बुडाला, थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. इतकी वर्षे केलेल्या भक्तीचे हेच का फळ, असे तुकोबांनी म्हटले असते तर त्यांना कोण दोष देता?

त्यांनी केले ते वेगळेच. पूर्वजांनी बांधलेले विठ्ठलाचे देऊळ मोडकळीला आले होते, ते त्यांनी दुरुस्त केले. सावकारीतली आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. लोकांकडचे येणे ज्याने सोडून दिले, त्याने देवाच्या नावाचे खत तरी कशाला जपून ठेवावे? आपला नवस म्हणजे बहुधा असे खतच असते: मी इतके दिले, आता तू इतके दे!

पण येणे सोडले म्हणजे तुकोबा गप्प बसले असे नव्हे. गाथेत देवाशी भांडणाचे अभंग काही थोडे नाहीत. वाण्याने माल दिला नाही तर आपण दुकान बदलतो. आईवर मात्र रुसतो, भांडतो आणि पुन्हा तिच्याच हातचे जेवतो. जिथे भांडता येते, तिथे नाते शिल्लक असते. श्रद्धा म्हणतात ती हीच. तिने गेलेले माणूस परत येत नाही, 'असे का झाले' याचे उत्तरही मिळत नाही. पण ज्याला विचारायचे तो आपला राहतो.

म्हणून अशा घरी गेलात तर "देवाची इच्छा", "यातही काही भले असेल" असले काही सांगू नका. तिला रागावू द्या, रडू द्या. यंदा त्या घरी फराळाची कढई चढलेली नसेल. आपल्या घरचे ताट झाकून न्या, आणि घटकाभर तिच्याजवळ बसा.