लगाम की शिरपेच?

पांढरा अंगरखा, त्यावर रक्तवर्ण क्रूस, कमरेला दुधारी तलवार आणि ओठांवर कसलेसे गूढ मौन, अशा थाटाचा मध्ययुगीन ख्रिस्ती वीर गेल्या चाळीस वर्षांत पडद्यावर, रहस्यकादंबऱ्यांत आणि संगणकीय खेळांत इतक्या वेळा अवतरला आहे की, ज्यांना युरोपच्या इतिहासातील दुसरे एकही नाव धड ठाऊक नाही अशा तरुणांनाही ‘नाइट्स टेम्पलर’ म्हणजे कोण हे सांगावे लागत नाही. ‘इंडियाना जोन्स’च्या १९८९ सालच्या चित्रपटात असाच एक वीर सातशे वर्षे पवित्र चषकाची राखण करीत बसलेला दिसला, ‘द दा विंची कोड’ने २००३ साली त्याच्या पंथाला येशूच्या वंशाच्या गुपिताचा रखवालदार केले, ‘असॅसिन्स क्रीड’ या खेळाने २००७ साली त्याला जगद्व्यापी कारस्थानाचा सूत्रधार ठरवले, आणि त्याच वर्षी व्हॅटिकनच्या अभिलेखागाराने टेम्पलर पंथावरील खटल्याच्या कागदांची जी शाही आवृत्ती काढली, तिच्या अवघ्या ७९९ प्रती असून एकेकीची किंमत सहा हजार युरोंच्या घरात होती. विषयाच्या मोहिनीवर पुरता भरवसा असल्याखेरीज जुन्या कज्जेदलालीच्या दप्तराला एवढे मोल कोणी सांगत नाही.

या मोहिनीला नाक मुरडण्याचा आमचा हेतू नाही. घेतलेले व्रत, दिलेला शब्द आणि धन्याशी इमान या गोष्टी व्यवहारातून हद्दपार होत असताना, त्यांच्यासाठी प्राण देणारा कोणी होऊन गेला या कल्पनेने माणसाचे मन हलावे, यात गैर काय आहे? आमची तक्रार निराळी आहे. शस्त्रधारी माणसाला आवरण्यासाठी फार कष्टाने जो लगाम घडवला गेला, तो आजचा चाहता शिरपेच समजून आपल्या मस्तकी खोवतो, आणि तो मूळचा कोणाच्या तोंडात होता याची चौकशी करीत नाही.

या आदर्शाचे जन्मस्थान शोधू गेल्यास आपण कविदरबारी न पोहोचता, गुरे लुटून नेलेल्या शेतकऱ्याच्या अंगणात पोहोचतो. दहाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील राजसत्ता इतकी हतबल झाली होती की, ठिकठिकाणी गढ्या उठल्या, गढीगढीत एकेक ठाणेदार स्वयंभू राजा होऊन बसला आणि त्याच्या पदरच्या घोडेस्वारांनी आसपासचा मुलूख नागवणे हाच आपला हक्क मानला. ज्यांना पुढे जगाने ‘नाइट’ म्हणून गौरवले, त्यांचे पूर्वज हेच स्वार. ९८९ साली शारू येथे जमलेल्या धर्माधिकाऱ्यांनी, चर्च लुटणारा, निःशस्त्र पाद्र्यावर हात टाकणारा आणि गरिबाचा बैल, गाय, गाढव, शेळी वा डुक्कर हिरावून नेणारा बहिष्कृत समजला जाईल, असा ठराव केला. आणि १०२३ साली बोव्हेचा बिशप वारँ याने स्वारांकडून वदवून घेण्यासाठी शपथेचा जो मसुदा रॉबेर राजापुढे ठेवला, तो वाचताना हसावे की शहारावे हे कळेनासे होते. शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला धरून नेणार नाही, त्यांचा पैसा उकळणार नाही, अशी ग्वाही देता देता ती शपथ पळवाटांच्या आडरानात शिरते. कुरणात चरणारे घोडे आणि खेचरे पळवायची नाहीत, पण हे बंधन १ मार्चपासून नोव्हेंबरातील सर्वसंतदिनापर्यंतच. घर जाळायचे नाही, मात्र आत शत्रूचा स्वार किंवा चोर दडला असल्यास हरकत नाही. पतीविना प्रवास करणाऱ्या कुलीन स्त्रीवर हल्ला करायचा नाही, परंतु तिचाच काही अपराध असेल तर गोष्ट वेगळी. ज्या कृत्यास मनाई करताना इतकी घासाघीस करावी लागते, ते कृत्य किती राजरोस चालत असले पाहिजे, हे कचेरीत चार दिवस काढलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. दुर्बलांचे रक्षण, स्त्रीदाक्षिण्य, निःशस्त्रावर वार न करणे ही जी वीरधर्माची लक्षणे पुढे काव्यांतून झळकली, त्यांचा कच्चा खर्डा हा असा आहे.

लगामाने घोडा थांबतोच असे नाही. पुष्कळदा तो नुसता वळतो. १०९५ साली क्लेरमाँच्या ज्या सभेत पोप दुसरा अर्बन याने जेरुसलेमच्या मोहिमेची हाक दिली, त्याच सभेने ठरावीक दिवशी आपसातील लढाया तहकूब ठेवण्याच्या नियमालाही मान्यता दिली. अर्थात घरचे भांडण आवरायचे आणि तेच हात परमुलखात मोकळे सोडायचे, अशी ती योजना होती. १५ जुलै १०९९ रोजी जेरुसलेम पडले तेव्हा तेथील मुसलमान आणि ज्यू रहिवाशांच्या वाट्याला जी कत्तल आली, तिच्या वर्णनात ख्रिस्ती बखरकारांनीही हात आखडता घेतलेला नाही.

या जिंकलेल्या शहरात, यात्रेकरूंच्या वाटा निर्धोक करण्यासाठी ह्यूग द पायाँ या सरदाराने १११९ च्या सुमारास मूठभर सोबती जमवले आणि ११२९ साली त्र्वा येथील धर्मपरिषदेने त्यांना नियमावली बांधून दिली. टेम्पलर पंथाचा खरा चेहरा पाहायचा तर तो या नियमावलीत पाहावा. टोकदार जोडे घालू नयेत. लगामावर वा खोगिरावर सोनेरूपे असू नये. ससाणे उडवू नयेत आणि सिंहाखेरीज कशाचीही शिकार करू नये. आईबापांचे पत्र आले तरी प्रमुखाच्या परवानगीशिवाय ते घेऊ नये. स्त्रीचे, मग ती प्रत्यक्ष आई वा बहीण का असेना, चुंबन घेऊ नये. भांडी कमी असल्यामुळे दोघादोघांनी मिळून जेवावे, मांस आठवड्यातून तीनदाच घ्यावे, आणि एखादा बंधू निवर्तल्यास त्याच्या वाटणीचे अन्न चाळीस दिवस एखाद्या गरिबाला घालावे. चित्रपटातील वीरापुढे ही कलमे ठेवली तर तो बहुधा राजीनामा देईल. पंथाचा मोठा कैवारी, क्लेअरव्हो मठाचा अधिपती बर्नार्ड, याने तत्कालीन स्वारांच्या रेशमी झुली, रंगवलेल्या ढाली आणि डोळ्यांवर येणारे लांब केस यांची यथेच्छ टर उडवली आहे. मात्र ख्रिस्तासाठी केलेला वध हे पाप नव्हे, असा निर्वाळा देऊन त्याच लेखात त्याने तलवारीला जी मुभा दिली, तिची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

पंथाबाहेरचे वीर तर उघडउघड व्यवहारी होते. विल्यम मार्शल हा मध्ययुगातील सर्वोत्तम नाइट म्हणून वाखाणला जातो. मृत्युशय्येवर त्याने टेम्पलर व्रत घेतले, १२१९ साली तो वारला आणि लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये त्याची पाषाणमूर्ती आजही आहे. तरुणपणी हा गृहस्थ एका भागीदारासह स्पर्धेमागून स्पर्धा लढवीत फिरे, हरलेल्या स्वाराचा घोडा घेई, त्याच्याकडून खंडणी वसूल करी आणि निम्मा वाटा भागीदाराला देई. एका हंगामात या जोडगोळीने १०३ स्वार पकडले, आणि त्याची नोंद मुदपाकखान्याचा कारकून ठेवीत होता, असे त्याच्या चरित्रकाव्यातच अभिमानाने सांगितले आहे. टेम्पलरांनीही अंगी दारिद्र्यव्रत असून पंथाच्या तिजोऱ्या भरल्या. एका ठाण्यावर भरलेली रक्कम दुसऱ्या ठाण्यावर हुंडीप्रमाणे उचलता येई, आणि फ्रान्सच्या राजाचा खजिना पॅरिसमधील त्यांच्या गढीत राही. १३ ऑक्टोबर १३०७ रोजी चौथ्या फिलिप राजाने त्यांना देशभर एकाच पहाटे अटक करविली, छळ करून कबुलीजबाब घेतले, १३१२ साली पोपकडून पंथ बरखास्त झाला आणि १३१४ साली प्रमुख जाक द मोले याला सीन नदीतील बेटावर जिवंत जाळण्यात आले. गुपितांच्या, पुरलेल्या खजिन्यांच्या आणि शापांच्या सगळ्या दंतकथा या चितेपासून सुरू होतात. ऋणको राजाने सावकार मोडीत काढला ही साधी हकीकत कोणाला पुरत नाही.

आजचे आकर्षण मात्र चौदाव्या शतकातून थेट आलेले नसून एकोणिसाव्या शतकाच्या दुकानातून आलेले आहे. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ने इंग्लंडला या वेडाची लागण केली, आणि १८३९ च्या ऑगस्टात एग्लिंटनच्या अर्लने स्कॉटलंडमधील आपल्या इस्टेटीवर खऱ्याखुऱ्या चिलखतांनिशी मध्ययुगीन स्पर्धा भरवली, तेव्हा सुमारे लाखभर माणसे लोटली. मिरवणूक निघण्याच्या सुमारास आभाळ फाटले. मंडप गळू लागला, मैदानाचा चिखल झाला, आणि स्पर्धेचा ‘राजा’ म्हणून नटलेल्या लंडनडेरीच्या मार्क्विसने राजवस्त्रांवर चक्क छत्री उघडली. पुढे फ्रान्सचा बादशहा झालेला लुई नेपोलियन त्या दिवशी तेथे वीरवेषात हजर होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्यांना सत्तेची हौस असते, त्यांना हा पोशाख नेहमीच आवडत आला आहे. १८९८ साली कैसर दुसरा विल्यम जेरुसलेमला जाऊन आला आणि दमास्कसला सुलतान सलादीनच्या कबरीवर त्याने पुष्पचक्र वाहिले. १९१७ च्या डिसेंबरात ब्रिटिश सेनापती ॲलनबी जेरुसलेमात शिरला, तेव्हा साम्राज्याच्या मुसलमान प्रजेचा विचार करून या मोहिमेला धर्मयुद्ध म्हणू नये, अशी ताकीद सरकारने वृत्तपत्रांना आधीच दिली होती; तरीही ‘पंच’ साप्ताहिकाने सिंहहृदयी रिचर्ड शहराकडे कृतार्थ दृष्टीने पाहत असल्याचे व्यंग्यचित्र छापले ते छापलेच. ॲलनबीच्या फौजेत हिंदुस्थानातून गेलेले मुसलमान शिपाई किती होते, याचे भान त्या चित्रकाराला राहिले नसावे.

या पोशाखाचा पुढचा प्रवास हास्यास्पद राहिलेला नाही. नॉर्वेत २२ जुलै २०११ रोजी ७७ माणसांचे प्राण घेणाऱ्या इसमाने स्वतःला टेम्पलर म्हणवून घेतले; त्याच वर्षी मेक्सिकोच्या मिचोआकान प्रांतात अमली पदार्थांचा व्यापार आणि खंडणीखोरी करणाऱ्या टोळीने ‘टेम्पलर वीर’ असे नाव धारण करून, आपल्या सदस्यांसाठी सदाचाराची पुस्तिका छापून वाटली. गरिबाला लुबाडणाऱ्यांना आवरण्यासाठी निघालेली शपथ, गरिबाला लुबाडणाऱ्यांनीच स्वतःच्या गौरवासाठी छापावी, याला काय म्हणावे?

उसामा इब्न मुंकिध या सिरियन अमीराने बाराव्या शतकात लिहिलेल्या आठवणींत एक प्रसंग आहे. जेरुसलेमला गेला की तो अल्-अक्साच्या परिसरात जाई. ती वास्तू टेम्पलरांच्या ताब्यात होती. परंतु ते त्याचे स्नेही असल्यामुळे शेजारची एक लहान मशीद, जिचे त्यांनी चर्च केले होते, ती ते त्याला नमाजासाठी मोकळी करून देत. एकदा तो नमाज पढत असता एका फिरंग्याने झडप घालून त्याचे तोंड पूर्वेकडे फिरवले आणि प्रार्थना अशी करायची असते, असे दरडावले. टेम्पलरांनी त्या माणसाला बाहेर काढले. तो पुन्हा शिरला, पुन्हा त्याने तेच केले. तेव्हा त्याला हाकलून देऊन त्यांनी उसामाची क्षमा मागितली: हा मनुष्य नुकताच त्याच्या देशातून आला आहे, पूर्वेखेरीज दुसरीकडे तोंड करून प्रार्थना करणारा त्याने कधी पाहिलेला नाही. आजच्या उत्साही चाहत्याचा खरा पूर्वज, आमच्या मते, हा नवागत होय. टेम्पलर काय, शेजारी काय आणि त्या शहराचा रिवाज काय, यांपैकी काहीही न पाहता तो घरून ठरवून आलेला असतो. टेम्पलर हे सहिष्णुतेचे पुतळे होते असा याचा अर्थ नव्हे. हत्तीनच्या रणावर ११८७ साली ते ज्या त्वेषाने लढले, त्यात औदार्याला जागा नव्हती, आणि सलादीननेही हाती आलेल्या बहुतेक टेम्पलरांना जिवंत सोडले नाही. पण ते तेथे राहत होते, आणि राहणाऱ्याला शेजाऱ्याचा चेहरा ठाऊक असतो.

आपल्या किनाऱ्याशीही या पंथाचा धागा येऊन पोहोचतो, आणि तो दंतकथेचा नाही. पोर्तुगालच्या दिनिश राजाने १३१९ साली पोपच्या संमतीने टेम्पलरांची मालमत्ता ‘ख्रिस्त-संघ’ नामक नव्या पंथाच्या नावे केली. तोमार येथील टेम्पलरांचा जुना किल्ला पुढे त्याचे मुख्य ठाणे झाला, आणि १४२० पासून राजपुत्र हेन्री त्याचा कारभारी होता. वास्को द गामाच्या जहाजांच्या शिडांवर होता तो याच संघाचा लाल क्रूस. १४५६ च्या पोपच्या फर्मानाने नव्या मुलखांतील धर्मसत्ता या संघाकडे सोपवली, त्यामुळे २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोन्सो द आल्बुकर्क याने गोवे घेतले आणि शहरातील मुसलमानांची कत्तल केली, तेव्हा त्या बेटाचा धार्मिक अधिकार कागदोपत्री तोमारकडे गेला. १५१४ साली फुंशालचा धर्मप्रांत स्थापन होईपर्यंत ही व्यवस्था टिकली. गोमंतकाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तोमारच्या दप्तराकडे आजवर दिले त्याहून अधिक लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते.

वीरगाथांचा नाद सोडवत नसेल त्यांच्यासाठी एक वाट मात्र मोकळी आहे. टेम्पलरांचे समकालीन आणि प्रतिस्पर्धी म्हणजे सेंट जॉनचा रुग्णसेवक पंथ, ज्याचा आठ टोकांचा पांढरा क्रूस सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या प्रथमोपचार वर्गांमुळे आपल्याकडेही परिचित आहे. जेरुसलेममधील त्यांच्या रुग्णालयासाठी ११८२ साली पंथप्रमुख रॉजर द मुलँ याने जे नियम घातले, त्यांत चार वैद्य नेमण्याची तरतूद आहे. खाटा ऐसपैस लांबरुंद असाव्यात आणि प्रत्येक खाटेला स्वतःची चादर असावी असे कलम आहे. रुग्ण रात्री शौचाला उठेल तेव्हा त्याच्या अंगावर घालण्यास कातड्याचा झगा आणि पायांत जोडे हवेत, आणि यात्रेकरू स्त्रिया तेथे बाळंत झाल्यास मूल आईच्या अंथरुणात गुदमरू नये म्हणून वेगळे छोटे पाळणे हवेत, असेही लिहिले आहे. पटकथाकारांना यात नाट्य दिसत नसेल तर त्यांनी पुढची पाच वर्षे पाहावीत: १ मे ११८७ रोजी क्रेसाँ येथे शे-सव्वाशे स्वारांनी कितीतरी मोठ्या फौजेवर चालून जावे की नाही यावर खल झाला, टेम्पलरांचा प्रमुख जेरार द रिदफोर याने माघारीची गोष्ट काढणाऱ्यांना भित्रे म्हणून हिणवले, स्वार तुटून पडले आणि बहुतेक सर्व मारले गेले. जेरार निसटला. मेलेल्यांत रॉजर होता, आणि जुन्या बखरींच्या सांगण्यानुसार हल्ला करू नये असा सल्ला देणाऱ्यांतही तोच होता.